उधाणाआधीची तपासणी

"हे घरात कोनी आनलं?"

चष्मा कपाळावर ढकलायचा, खुर्चीतून अर्धवट उठायचं, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं स्क्रीनवर दोनदा टकटक करायचं आणि मग हा प्रश्न. दादांनी तो विचारला की आमच्या गाळ्यातली बाकीची सगळी माणसं अचानक फार कामसू व्हायची. मी तर पाण्याची बाटली उचलून तिचं झाकण वाचायला लागायचो. झाकणावर वाचण्यासारखं काही नसतं, हे मला तीन वर्षांत पुरतं कळलेलं आहे.

घर म्हणजे आमचं सॉफ्टवेअर, आणि आणलेली वस्तू म्हणजे लायब्ररी. तुमच्यापैकी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जे आहेत त्यांनी माझ्याबरोबर मान खाली घालावी. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो म्हणजे फार थोडं लिहितो. बरंचसं जगातल्या अनोळखी माणसांनी लिहून फुकट ठेवलेलं उचलून आणतो. तारखा जुळवणारं एकाचं, कागद छापणारं दुसऱ्याचं. त्या प्रत्येकाला स्वतःची आणखी पाच-सहा लागतात, त्यांना पुन्हा त्यांची. लग्नाला एका मामाला बोलवावं आणि मामानं अख्खी चाळ घेऊन यावं, तसं. मांडवात कोण कोण जेवून गेलं हे यजमानाला ठाऊक नसतं. आमच्याकडे ते दादांना ठाऊक असायचं. कोणतं जुनं झालं, कशाचं नवं व्हर्जन आलं, कशात चोराला हात घालता येईल असं भोक सापडलं, हे तपासायचं काम त्यांचं. आणि तपासून झालं की गिऱ्हाइकाला जे पत्र जायचं, त्याच्या खाली सही त्यांची.

ती सही मी एकदा खोटी पाडली. स्वतःच्या फजित्या रंगवून सांगण्याची मला जुनी खोड आहे, त्यावर चहाही मिळतो. ही मात्र आजवर कुणाला सलग सांगितलेली नाही.

आमचा गाळा वसई पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकायचं प्रेस मशीन. दर चार सेकंदांनी धप्प. नवं गिऱ्हाईक फोनवर घाबरून विचारायचं, "तुमच्याकडे काय पडलं?" आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी काम करायचो. पेशंटनं मोबाइलवर वेळ घ्यायची, पावती मोबाइलवर, रिपोर्टही मोबाइलवर. सगळं बसल्या जागी.

दादा पन्नाशी ओलांडलेले, नायगावचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. मी नायगावलाच एका नव्या टॉवरमध्ये राहतो हे कळल्यावर त्यांनी इमारतीचं नाव विचारलं, जरा आठवलं आणि म्हणाले, "तुझी बाइक कुठं उभी करतोस? गेटच्या उजवीकडं? तिथं आमचा बैल बांधलेला असायचा."

"काय सांगता!"

"मग. तुझ्यापेक्षा जास्त ऐकायचा."

कंपनीत ते लागले ते फोन घ्यायला. लॅबवाल्यांच्या शिव्या सगळ्यात आधी त्यांच्या कानात पडायच्या. शिव्यांचं मूळ शोधता शोधता ते हळूहळू आतवर शिरले, रात्रशाळेत शिकल्यासारखं एकेक विचारत शिकले, आणि एक दिवस साहेबांनी तपासणीचं सगळं कामच त्यांच्याकडे दिलं. साहेब म्हणजे आमचे मालक. कायम एका कानाला फोन लावलेला, दुसऱ्या कानानं आमचं ऐकणारा भला माणूस.

आता दादांची तपासणी कधी व्हायची, तर अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आदल्या दिवशी. हसू नका; आम्ही हसून घेतलंय. त्यांच्या घरची भातशेती खाडीला लागून, मातीच्या बांधाच्या आत. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, म्हणून आदल्या दिवशी घरातला एक माणूस पूर्ण बांध चालून यायचा. हातात काठी. खेकड्यानं बीळ पाडलेलं दिसलं की काठी घालून खोली बघायची, चिखल भरायचा, टाचेनं दाबायचं, पुढं व्हायचं. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं त्या शेतात काही होत नाही. दादा लहानपणापासून हे करत आले होते, आणि पंधरा दिवसांनी तपासायचं म्हटल्यावर त्यांना दुसरा हिशेब सुचलाच नाही. सर्व्हरच्या कपाटावर एक तिथींचं कॅलेंडर चिकटवलेलं होतं. परदेशातून एक बाई आमचं काम बघायला आल्या, त्यांनी विचारलं, तपासणीचं वेळापत्रक काय. साहेबांनी मोठ्या रुबाबात सांगितलं, "चंद्रावर अवलंबून आहे." बाईंनी ते लिहून घेतलं.

शिवाय एक वही. काय आणलं, कोणतं व्हर्जन, कशाला आणलं, कोणी आणलं, आणि शेवटचा रकाना: त्याला सांभाळणारा कोण, तो बरा आहे का. हा रकाना जगात आणखी कुठं असेल असं वाटत नाही. एका लायब्ररीत वर्षभर काही हालचाल नव्हती. ती सांभाळणारा कुठल्यातरी थंड देशातला एकटा माणूस. दादांनी त्याला पत्र धाडलं. काम-बिम काही नाही, नुसतं, तुम्ही बरे आहात ना. आठवड्यानं उत्तर आलं. दादा उठून उभे राहिले आणि प्रेस मशीनच्या दोन ठोक्यांमधली जागा पकडून जाहीर केलं, "मुलगी झालीय त्याला. चालू ठेवा."

मी त्यांचा ठरलेला गुन्हेगार होतो. एकदा मला शिस्तीचा झटका आला आणि मी जुनं होतं ते सगळं एका झटक्यात नवं करून टाकलं. तारखा जुळवणाऱ्या लायब्ररीनं नव्या व्हर्जनात दोन आकडी साल या शतकातलं धरायला सुरुवात केली होती. ते वाचायचं मी ठेवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आगाशीच्या शंभरीला टेकलेल्या एका आजोबांना रिपोर्ट मिळाला, त्यावर वय: उणे तीन महिने. आजोबांचा फोन दादांनीच घेतला. दहा मिनिटं माफी मागितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, अजून जन्माला यायचेत म्हनतात ते. तोवर निस्तरशील ना?"

हे "शेठ" लक्षात ठेवा. एरवी ते सगळ्यांना बाला म्हणायचे. संशय आला की शेठ.

आता माझ्या त्या कामगिरीकडे येतो.

बोळिंजच्या टॉवरांच्या मधे एक लॅब होती, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथल्या डॉक्टर बाईंना पावत्या आणि रिपोर्ट मराठीत हवे होते. इंग्रजी झकास छापलं जायचं, पण मराठी म्हटलं की जोडाक्षरांच्या फासळ्या सुट्या व्हायच्या. "क्षीरसागर" नावाच्या माणसाच्या पावतीवर नुसत्या चौकटी. मी तीन आठवडे झटलो. शेवटी एक लायब्ररी सापडली जी मराठी मोत्यासारखं छापत होती. फक्त चार वर्षांत तिला कुणी हात लावलेला नव्हता. दादांच्या वहीत ती शेवटच्या रकान्यातच अडकली असती.

मी काय केलं? रीतसर यादीतून आणली असती तर तपासणीत दिसली असती. म्हणून मी तिचा सगळा कोड नकलून आमच्याच एका फोल्डरमध्ये ओतला, फोल्डरला आमच्या कंपनीचं नाव दिलं, आणि मूळ लेखकाचं नाव जिथं जिथं होतं तिथून पुसलं. तपासणारं यंत्र यादी वाचतं. घरात भिंतीला लागून काय उभं आहे ते बघत नाही. मुहूर्तही बघून घेतला: पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवस निवांत.

दुर्दैवानं ते फार छान चाललं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "मोठमोठ्यांना जमलं नाही ते ह्यानं स्वतः लिहिलं!" मी नाही म्हणालो नाही. मी खाली बघून हसलो. असं हसणं म्हणजे हो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दादा माझ्या टेबलापाशी आले. पेन्सिल खिशात होती.

"हे तू लिवलंस?"

"हो, दादा."

"सगळं?"

"हो."

ते बराच वेळ स्क्रीनवर ओळीमागून ओळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास, बाला. मला वाटलं नव्हतं." आणि वहीत माझ्या नावापुढं लिहिलं: घरचं.

घरच्या गोष्टी ते पुन्हा तपासत नसत. अडीच महिने गेले, पाच तपासण्या झाल्या, आणि मी स्वतःही ते स्वतःच लिहिलं आहे असं जवळजवळ मानायला लागलो होतो.

मग एका मंगळवारी सकाळी बातमी आली. त्याच लायब्ररीत भोक सापडलं होतं.

भोक साधंच. वेळ घेताना नावाच्या चौकटीत नावाऐवजी एक ठरावीक ओळ टाकायची. मग पावतीवर तुमच्या नावाच्या जागी सर्व्हरवरची हवी ती फाइल छापून येणार. हवी ती म्हणजे कुणाचाही रिपोर्ट. शेजारणीला दिवस गेलेत का, अमक्याच्या रक्तात काय निघालं, घरी बसून वाचा. आणि लोकांनी ते करून बघायला सुरुवातही केली होती.

अकराच्या आत सगळ्या लॅबचे फोन येऊन गेले. बोळिंजच्या डॉक्टर बाई स्पष्ट होत्या. "तुमच्यात हे आहे की नाही, बारापर्यंत लेखी द्या. नाहीतर मी सगळं बंद करते."

दादांनी यादी तपासली. पुन्हा तपासली. यंत्रावर विश्वास नको म्हणून वही काढून बोट फिरवत वाचली. नव्हतं. असणार कसं? तिसऱ्या टेबलावर मी बसलो होतो, आणि कुणीतरी सकाळीच घाईनं दुरुस्त केलेलं नवं व्हर्जन गुपचूप आमच्या फोल्डरमध्ये बसवायचा प्रयत्न करत होतो. ते बसत नव्हतं. नावं पुसताना मी आतल्या बऱ्याच खुणाही पुसल्या होत्या. बसवलं की पावतीवर पुन्हा चौकटी.

पत्र छापून झालं. दोनच ओळी. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भाग नाही. मी स्वतः तपासले आहे." दादांनी पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. मग कागद हातात घेऊन एकेका टेबलापाशी गेले.

"माझी सही जानार हाय ह्याच्याखाली. कोनाचं काही राहिलंय? आता सांगा. मी रागवनार नाय."

एकानं मान हलवली. दुसऱ्यानं हलवली. माझ्यापाशी आले तेव्हा मशीनचा ठोका पडला, आणि मला वाटलं, आता दुसरा पडायच्या आत बोलायचं. चार सेकंद फार लांब असतात. मी म्हणालो, "नाही, दादा."

त्यांनी माझ्याच टेबलावर कागद ठेवून सही केली.

पत्र गेलं. मी स्वतःला सांगितलं, तासाभरात दुरुस्त करतो, कुणाला कळणार नाही, पत्र खरं होऊन जाईल. असा विचार करणाऱ्या माणसाच्या हातून अर्धविरामसुद्धा जागेवर पडत नाही. साडेबाराच्या सुमारास, काहीतरी चाळा म्हणून, मी बोळिंजच्या लॅबची त्या दिवशीच्या पेशंटांची यादी उघडली. म्हात्रे. डिसोजा. पाटील. राऊत. आणि पाचव्या ओळीत एक पेशंट, ज्याचं नाव तिरक्या रेघा आणि टिंबांचं होतं.

मी पावती उघडली. नावाची जागा कोरी. म्हणजे फाइलचा पत्ता चुकला होता.

खाली सातव्या ओळीत तोच पेशंट पुन्हा. पत्ता थोडा बदललेला. कोरी. मी बघत असतानाच यादी हलली आणि बारावी ओळ आली. आता त्याला रिपोर्टांच्या फोल्डरचं अर्धं नाव बरोबर सापडलं होतं.

कुणीतरी अंधारात भिंत चाचपत येतंय आणि दाराची कडी वीतभर दूर आहे, हे मी खुर्चीत बसून बघत होतो.

मी उठलो. दादा डबा उघडत होते. "जरा बाहेर येता?" डबा तसाच हातात घेऊन ते माझ्यामागं जिन्यात आले. तिथं प्रेस मशीनचा आवाज कानात दगड घातल्यासारखा. मी बोलायला लागलो.

"दादा, ते मराठीचं..." धप्प.

"काय?"

"ते मी..." धप्प.

"मोठ्यानं बोल!"

मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, आणि नेमकी त्या क्षणी शेजारच्यांची जेवणाची सुट्टी झाली. मशीन बंद. संपूर्ण मजल्यावर शांतता, आणि त्या शांततेत माझा आवाज: "ते मी लिहिलेलं नाही! चोरलंय! तेच आहे ते, भोकवालं!"

शेजारच्या गाळ्यातून एक कामगार डोकं काढून बघून गेला. आमच्या दारात साहेब उभे होते, फोन कानापासून दूर धरलेला.

दादांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, आता शेठ म्हणतील. हातही उगारतील, हरकत नव्हती.

"मी तुला शाबासकी दिली होती रे," ते म्हणाले.

एवढंच. मग लगेच, वेगळ्या आवाजात, "कुठं कुठं लावलंय?"

"बोळिंजलाच. आणि कुणीतरी दारात आहे, दादा. आत्ता."

ते खिशातून मोबाइल काढत आत वळले. साहेब आडवे आले. "थांबा. कुणाला लावताय?"

"डॉक्टर बाईंना."

"अहो, पत्र गेलंय आपलं! तासात दुरुस्त करेल हा. कर रे! आता फोन करून सांगायचं की पत्र खोटं होतं? उद्या एक लॅब राहणार नाही आपल्याकडे."

"तासात किती पावत्या निगतील, साहेब?"

"दादा, आठ घरं चालतात ह्या गाळ्यावर."

दादा थांबले. खरंच थांबले. त्या आठात त्यांचंही घर होतं, आणि साहेब काही वाईट बोलत नव्हते. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मनाच्या एका कोपऱ्यात मला साहेब जिंकायला हवे होते.

"सही माझी हाय," दादा म्हणाले, आणि त्यांनी नंबर लावला.

"डॉक्टर, नमस्कार. मी मघाशी लिहून दिलं ते चुकीचं आहे. ते आमच्यात आहे. तुम्ही आत्ता, मी बोलतोय तोवरच, बंद करा. हो. हो. करा तुम्ही, मी थांबतो." मग कान लावून उभे. मिनिटभरानं पलीकडून काहीतरी आलं. "झालं? बरं. मी येतो तिकडं."

वसई पूर्वेहून बोळिंजपर्यंत ते माझ्या बाइकवर मागं बसले होते. सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलले. "हळू चालव. आज आनखी काही नको."

लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला चाळीसेक माणसं ताटकळत होती. डॉक्टर बाई काउंटरच्या आत उभ्या होत्या, लहानखुऱ्या, पांढरा कोट, आवाज अजिबात न चढवता बोलणाऱ्या. असं बोलणं जास्त लागतं.

"सकाळी नाही म्हणालात. दुपारी आहे म्हणता. तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू मी?"

"दुसऱ्यावर," दादा म्हणाले.

"सकाळी तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. कमी पडलो."

"कोणी घातलं हे?"

मी मागं उभा होतो. तोंड उघडलं होतं. दादांनी मागं न बघता माझ्या मनगटाला धरलं, आणि ते असं धरलं की तोंड मिटलं. "पत्रावर माझी सही आहे, डॉक्टर. तुम्ही मला बोला."

मग ते काउंटरच्या आत जाऊन बसले. लॅबची मुलगी आकडे वाचून दाखवायची आणि दादा कोऱ्या कागदावर रिपोर्ट लिहायचे. हिमोग्लोबिन, साखर, सगळं वळणदार मराठीत. प्रत्येक कागद तिच्याकडून ताडून घ्यायचे आणि मगच पेशंटच्या हातात. एक आजी म्हणाल्या, "हे बरं वाचता येतं. असंच देत जा." मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर माझं पाप खरवडून काढत होतो. मराठी काढून टाकलं. पावत्या पुन्हा इंग्रजीत. पाच वाजत आले तेव्हा ते संपलं, आणि मग आम्ही दोघांनी आणि डॉक्टर बाईंनी सर्व्हरची नोंद उघडली. कोण केव्हा आलं, काय मागितलं, काय मिळालं.

त्या पेशंटानं एकूण नऊ वेळा नाव नोंदवलं होतं. पहिल्या आठ पावत्या कोऱ्या. मी एकेक उघडत होतो आणि डॉक्टर बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. नवव्या वेळी पत्ता संपूर्ण बरोबर होता. फोल्डर बरोबर, फाइल बरोबर. पावती मात्र निघालीच नव्हती, कारण दार बंद होऊन तोवर अकरा मिनिटं झाली होती.

डॉक्टर बाईंनी ती वेळ पुन्हा वाचली. मग दोन चहा सांगितले. स्वतःसाठी नाही सांगितला.

त्यांनी आमचं काम काढून घेतलं, अर्थातच. दुसऱ्या दिवशी मेल आली, नेमकी आणि सभ्य. आणखी दोन लॅब गेल्या. आठ घरं चालली, पण ओढून-ताणून.

दादांना कुणी जा म्हटलं नाही. तेच साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवून उभे राहिले. "माझी सही एकदा खोटी ठरली. आता ती पत्राखाली घालून तुमी काय करनार?" साहेब म्हणाले, "अहो, असं काय." पण कागद त्यांनी जरा लवकरच उचलला. मीही "दादा, जाऊ नका" म्हणालो. बसल्या बसल्या म्हणालो. उठून म्हणायला हवं होतं, हे मला ते जिना उतरून गेल्यावर सुचलं.

माझं काही झालं नाही. कोड लिहिणारी माणसं आमच्याकडे दोनच, आणि दुसरा नोटीस पिरियडवर होता. तपासणीचं कामही मग माझ्याकडेच आलं. चोराला चाव्या देण्याचा प्रकार आहे खरा, पण एवढं सांगतो, भिंतीला लागून काय उभं आहे ते आता मी बघतो, आणि ज्याचं नाव त्याच्या कोडावर राहू देतो. दादा नायगावातच औषधांच्या एका गोदामात लागले आहेत, मुदत संपलेली खोकी वेगळी काढतात, असं ऐकलं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी अजून गेलेलो नाही. जाताना काय न्यावं ते ठरत नाही, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, "तू जा नुसता." बरोबर आहे तिचं.

गेल्या महिन्यात दुपारी फोन वाजला. मीच उचलला. आवाज न चढवता बोलणारी बाई. मी ताठ बसलो.

"दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर घेतलं होतं मी," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काल पुन्हा कसली तरी बातमी आली. त्यांना विचारलं. पंधरा मिनिटांत पत्र आलं, सगळं ठीक आहे म्हणून. छापील सही. मला ते पत्र वाचून झोप येईना. तुमच्याकडे ते गृहस्थ होते ना, स्वतःचंच पत्र चुकीचं आहे म्हणून फोन करणारे. त्यांना द्या. ते बघणार असतील तर मी परत येते."

साहेब समोरच होते. ते हातानं खुणा करत होते, हो म्हण, हो म्हण, नंतर बघू.

"ते इथे नाहीत, डॉक्टर."

"उद्या येतील?"

"नाही. ते सोडून गेले. त्याच आठवड्यात."

"का? त्यांनी तर... मग त्यांचं काम आता कोण बघतं?"

"मी."

"तुम्ही कोण?"

शेजारी मशीन ठोकत होतं. मी एक ठोका जाऊ दिला.

"त्या दिवशी काउंटरच्या बाहेर त्यांच्या मागं उभा होतो, तो. कोणी घातलं म्हणून तुम्ही विचारलं होतं. ते मी घातलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. सही करायच्या आधी त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला.  पलीकडे लॅबमध्ये कुणीतरी नंबर पुकारत होतं, अठ्ठावीस, एकोणतीस. डॉक्टर बाईंनी फोन ठेवलेला नव्हता. मी उभा राहिलो आणि थांबलो.